लाखातला वाटेकरी

"काकू, वकील लावला आमी!" तुराट्यांच्या कुडावरून वहिनींचं डोकं वर आलं. हातात विरजणाची वाटी.

काकू तुरीच्या शेंगा निवडत होत्या. "काहून वं? वाटणी निघाली काय घरात?"

"वाटणी कायची! दिराचा पंजा गेला न मागच्या महिन्यात कुट्टी मशीनमंदी? तर एक जण म्हणते, सरकारकडून लाख रुपये काढून देतो, त्यातले पंचवीस हजार माहे."

"काळा कोट होता काय आंगात?"

"कोट नाई... कोर्टासमोरच्या टपरीवर बसते. वकिलाचा मानूस आहे म्हणे."

काकू खळखळून हसल्या. तीस वर्षं अंगणवाडी सेविका. अर्ध्या मोहल्ल्याचे कागद त्यांच्या पत्र्याच्या पेटीतून गेलेले. "अवं, खऱ्या वकिलालेबी मिळालेल्या पैशात वाटा ठरवता येत नाई. बार कौन्सिलचा नियम आहे तो. अन् हा तर टपरीवरचा!"

"पण लाख तर खरे न?"

"खरे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात अनुदान. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी, नाईतर त्याच्या घरचा एक जण. एक हात, पाय नाईतर डोळा कायमचा गेला तर 1 लाख, दोन गेले तर 2. पैले मधात विमा कंपनी होती; 2023 पासून सरकार सोताच देते. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, निर्णय तहसीलदाराच्या समितीत. नाई म्हनले तर कलेक्टरकडं अपील. यात वकील कोठी आला?"

"कागद लय लागते म्हणे."

काकूंनी सुपाच्या काठावर एकेक शेंग मांडली. "हा सातबारा. हा आधार. हे बँकेचं पासबुक. हा पोलीस पाटलाचा अहवाल. अन् हे दवाखान्यातलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र. एखादा दाखला आणखी मांगतीन. पाच शेंगांचे पंचवीस हजार देतं काय तू?"

वहिनी गप्प.

"त्याच प्रमाणपत्रावर 40 टक्के निघाले अन् घरची कमाई वर्षाले 50 हजाराच्या आत असली, तर संजय गांधी निराधारचाबी अर्ज करजो. ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांगाले महिन्याचे 2500 आहे."

"अन् कोनी आडवंच लावलं तर?"

"तवा घे न वकील! पण फुकटाचा. 1987 चा कायदा आहे, दिव्यांगाले कमाई न पाहता सरकार वकील देते. यवतमाळच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याच्या कोर्टात समिती. नाईतर 15100 वर फोन."

वहिनींनी चुलीतला कोळसा आणून भिंतीवर आकडा लिहिला. "मंग त्या टपरीवाल्याले काय सांगू?"

"चहा पाज. पण कोऱ्या कागदावर दिराची सही देऊ नको. अन् दिवस मोज आधी. अपघातापासून 30 दिवसांत प्रस्ताव गेला पाह्यजे."

वहिनींनी बोटांवर मोजलं. दोनदा मोजलं. सहा दिवस उरले होते.

विरजणाची वाटी कुडावरच राहिली. पदर खोचून वहिनी पोलीस पाटलाच्या घराकडं निघाल्यासुद्धा.

तुमच्याही भिंतीवर 15100 लिहून ठेवा. कोळशानं लिहिला तरी लागतो.