अगदी अस्संच, फक्त…

कापड हौसेने घ्यायचं आणि शिवायला टाकताना कच खायची, या जातीच्या बायका गावोगाव असतात. हातखंब्याच्या तिठ्यावर त्या जरा जास्त दिसतात. मुंबई-गोवा महामार्गाला इथे रत्नागिरीचा रस्ता मिळतो, त्यामुळे कुठेही जायचं असलं तरी 'जाता जाता टेलरकडे डोकावते' असं म्हणायची सोय होते. डोकावणं होतं, टाकणं होत नाही. खांद्याला पर्स, हातात कापडदुकानाची पिशवी, पिशवीत पीस आणि पिसात गुंडाळलेलं मापाचं ब्लाउज, या खुणांवरून ती लांबूनही ओळखू येते. तिला वैनी म्हणायला हरकत नाही. सगळा तिठा तेच म्हणतो.

वैनींच्या कपाटात ओटीचे पीस फार दिवस राहत नाहीत. ते पुढच्या ओटीत जातात, आणि एखादा तर चार घरं फिरून मूळ घरी उतरतो. अडतं ते ड्रेस मटेरियल. मुंबईच्या नणंदेने गणपतीला आणलेलं, नाहीतर रत्नागिरीच्या राम आळीत पाऊण तास घासाघीस करून घेतलेलं हे कापड डांबराच्या गोळ्यांत जाऊन पडतं. न शिवण्याची कारणं ऋतुमानाप्रमाणे बदलतात. उन्हाळ्यात लग्नसराई, टेलरला वेळ नाही. पावसात शिवून करायचं काय, वाळणार कधी? थंडीत, म्हणजे कोकणात जेवढी पडते तेवढीत, वैनी वजन कमी करणार असतात. मग आत्ताच्या मापाने शिवलं तर नुकसान नाही का? अशाच एका वैनींनी भाचीच्या लग्नासाठी घेतलेलं आमसुली कापड भाचीच्या मुलाच्या बारशापर्यंत कपाटात होतं. शेवटी त्यातून बाळाचं झबलं निघालं. झबलं शिवायला टाकायला मात्र वैनी त्याच दिवशी गेल्या.

तयार कपड्यांच्या वाटेला वैनी जाऊन येतात, नाही असं नाही. तयार कपडा एका ठरीव देहावरून बेततात. छाती वाढली की खांदा, मुंढा, बाही सगळंच प्रमाणात वाढलं असणार, असं त्यात धरून चाललेलं असतं. माणसं प्रमाणात वाढत नाहीत. एम छातीला बसतो आणि मुंढ्यात काचतो. एल मुंढ्यात बसतो, तर खांद्याची शिवण दंडावर उतरते. भारतीय देहांची स्वतःची मापं असावीत म्हणून केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने 'निफ्ट'मार्फत 'इंडियासाइझ' ही पाहणी हाती घेतली. 6 शहरांतल्या 25,000 माणसांना स्कॅनरपुढे उभं करायचं ठरलं. यादीत मुंबई आहे, शिलाँग आहे. हातखंबा नाही. वैनींचा दंड राष्ट्रीय नोंदीबाहेर आहे, आणि तो ठाऊक असलेली एकच व्यक्ती तिठ्यावरच्या गाळ्यात मशीन चालवते.

त्या ताईपुढे पिशवी उपडी होते आणि ठरलेलं वाक्य येतं, "अगदी अस्संच शिव गो ताई, फक्त…"

फक्त गळा दोन बोटं वर. फक्त बाही कोपरापर्यंत. फक्त कटोरी नको, प्रिन्सेस कट घाल. फक्त हुका नकोत, मागे चेन बसव. फक्त कमरेत जरा मोकळं. आणि ड्रेस शिवायचा असला तरी मापाला ब्लाउजच आलेलं असल्यामुळे, फक्त उंची गुडघ्याखाली. एवढं झाल्यावर जुन्या-नव्यात सारखं उरतं ते इतकंच की दोघांनाही दोन बाह्या असतात. त्यातून ताई मोजते इंचात आणि वैनी बोटात, तेही स्वतःच्या.

मापाच्या ब्लाउजवरची ही भिस्त उगाच आलेली नाही. पूर्वी शिंपी पुरुष असायचा. परक्या पुरुषाने अंगाला टेप लावणं नको वाटे, म्हणून अंगाऐवजी कपडा पाठवायची रीत पडली; घरातलं एखादं पोर तो नेऊन देई. आता शिवणारी बाईच आहे, रीत तशीच राहिली. पण मापाचं म्हणून जपलेलं ब्लाउज धुऊन धुऊन आटलेलं, काखेत ताणलेलं, दोनदा उसवून सैल केलेलं असतं. शिवाय ते लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाचं असतं. त्यावरून शिवलेला कपडा त्या वर्षीच्या वैनींना बसतो.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांचं साहाय्यही आहे. कात्री-टेपची सोय झाली, पण वैनींना टेपपुढे उभं करायची विद्या ताईने स्वतःच कमावलेली आहे. वैनींना टेपपेक्षा आकड्याची धास्ती. बाकावर आणखी दोघी बसलेल्या असताना कमरेचा आकडा कोणी मोठ्याने म्हटलेला त्यांना खपत नाही. म्हणून ताई पुण्यातल्या लेकीची चौकशी सुरू करते. उंची, खांदा, छाती, कंबर, मुंढा, दंडघेर, पुढचा गळा, पाठीचा गळा, सगळं लेकीच्या हॉस्टेलच्या जेवणाची तक्रार संपायच्या आत होतं. एकही आकडा तोंडातून निघत नाही. ताई पाठमोरी होऊन वहीत लिहिते आणि वही पालथी घालते. टेप तिच्या गळ्यात परत गेल्यावर वैनींना कळतं, की माप दिलं.

मग फोन सुरू होतात. "कापलंस नाय ना गो अजून? फक्त…" कापलेलं असतं. ताई "नाय वैनी" म्हणते.

हीच बाई सासूबाईंचं झंपर टाकते तेव्हा दोन मिनिटांत मोकळी होते. लेकीचा कॉलेजच्या डेचा घागरा, गणपतीमागचा पडदा, जावेच्या साडीचं फॉल-बिडिंग. कुठेच 'फक्त' नाही, शिलाईवरून हुज्जत नाही. खोळंबतं ते स्वतःचं. घरातल्या सगळ्यांचं उरकल्यावर उरलेल्या पैशांत ते बसवायचं असतं, आणि तसे पैसे सहसा उरत नाहीत. ताईला हे न सांगता माहीत आहे. वजन कमी होणार म्हणून वैनी सांगतात तेव्हा ती मान डोलावते आणि शिवणीत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच माया सोडते. ड्रेस न्यायला आलेल्या वैनी तो पडद्याआड घालून बघतात, बराच वेळ बाहेर येत नाहीत. मग आतूनच आवाज येतो, "ताई, अस्साच आणखी एक टाकायचाय. फक्त…"

गणपतीसाठी शिवायचं असेल त्यांनी कापड श्रावण लागण्याआधी टाकावं. पुढे चाकरमान्यांच्या घरचं काम येतं आणि नवीन सहसा कोणी घेत नाही. सुती कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्यावं, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. अस्तराचंही तसंच. मापाचं ब्लाउज घरी ठेवावं.