पेढे आणि पट

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. वाटणाऱ्या झाडून सगळ्यांची पोरं इंग्रजी माध्यमात. माझीही, उगाच सोवळं कशाला मिरवू? ‘आपल्या एकट्याच्या पोरावाचून मराठी शाळेचं काय अडतंय?’ हे ज्यानं त्यानं आपापल्या घरी ठरवलेलं. पट मात्र बेरजेनं चालतो. हल्ली वजाबाकीनं. पेढ्यांच्या वर्षभर आधी, २०२३मध्ये, शिक्षण खात्यानं २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा गुंडाळून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा ‘सरकार मराठी मारतंय’ या निवेदनावर पहिल्या सह्या आमच्याच. शुद्धलेखन तपासायला शेजाऱ्यांच्या आईंना गाठलं. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या.