मुदत तीन वर्षांची

पहाटे पाचाच्या ठोक्याला ज्याच्या जोर-बैठकांनी खालच्या बिऱ्हाडाचा पंखा डुलू लागतो, असा एक तरुण हल्ली पुण्यातल्या प्रत्येक इमारतीत असतोच; आमच्या इमारतीतला नेमका माझ्या डोक्यावर राहतो. शंभर जोर, शंभर सिट-अप्स, शंभर बैठका आणि दहा किलोमीटर धाव हा त्याचा नित्यनेम, आणि त्याचे आराध्यदैवत म्हणजे 'वन पंच मॅन' या जपानी चित्रकथेतला सडसडीत, पिळदार सैतामा, ज्याने हीच कसरत तीन वर्षे करून एका ठोशात राक्षस लोळवण्याचे सामर्थ्य मिळवले आणि त्या भरात डोक्यावरचे यच्चयावत केस गमावले.

ही तर अगदीच सामान्य कसरत झाली, असे म्हणून सैतामाचा शिष्य जेनोसदेखील त्याच्यावर संतापतो. अर्थात मूळ लेखकाने केली ती निव्वळ थट्टा. परंतु थट्टेलाच फर्मान समजून तिची अंमलबजावणी करणाऱ्या भक्तापुढे लेखकाचे काय चालणार? सैतामाने वातानुकूलन वर्ज्य मानले, म्हणून या गृहस्थाने भर वैशाखात घरातले पंखे तहकूब केले आणि मातापित्यांची रवानगी गच्चीवर झाली. न्याहारीला नुसते केळे चालेल, असे सैतामा म्हणतो. सबब याच्या घरी पोह्यांची कढई बडतर्फ झाली.

हे सर्व मी सोसले असते. पण त्याचे केस! रोज सकाळी उशीवरचे केस वेचून तो त्यांची कारकुनाच्या काटेकोरपणे वहीत नोंद करी, आणि ज्या दिवशी कंगव्यात सात सापडले, त्या दिवशी त्याने इमारतभर पेढे वाटले. रात्री तो झोपेत असताना आई त्याच्या डोक्याला माक्याचे तेल चोळी, तो पहाटे उठून साबणाने ते धुऊन काढी. न्हाव्याकडे जाणे त्याने बंद केले, कारण कापलेला केस हिशेबात धरता येत नाही. तीन वर्षांची मुदत सरत आली, अंगावर तोळाभर मेद उरला नाही, आणि माथ्यावर मात्र आषाढातल्या रानासारखे दाट केस!

गेल्या महिन्यात लिफ्ट बंद असताना माझा भरलेला सिलिंडर त्याने खांद्यावर टाकून दुसऱ्या मजल्यावर आणला, धाप न लागता ओट्याखाली ठेवला, आणि घाम पुसून मी टोपी काढली तेव्हा तो माझ्या तुळतुळीत टकलाकडे निःशब्द पाहत राहिला.

"काका," तो हलक्या आवाजात म्हणाला, "तुम्ही किती वर्षे केलंत?"

ज्या डोक्याची चाळीस वर्षे आप्तेष्टांनी, सहकाऱ्यांनी आणि खुद्द धर्मपत्नीने यथेच्छ टवाळी केली, त्याला आदराने न्याहाळणारा हा पहिलाच इसम. पहाटेच्या धडधडीविरुद्ध सोसायटीच्या दप्तरात रुजू केलेला तक्रारअर्ज मी दुसऱ्याच दिवशी मागे घेतला. आणि हल्ली जिन्यावर त्याची चाहूल लागली, की मी टोपी काढून ठेवतो.