ओहमवाले काका

स्टेजवर पाऊल ठेवलं की बाकीचे कलाकार आधी समोरच्या खुर्च्या बघतात. ओहमवाले काका थेट स्पीकरच्या मागे जातात. खिशातून टॉर्च काढतात, गुडघ्यांची तक्रार ऐकत खाली बसतात आणि कॅबिनेटच्या पाठीवरची पट्टी वाचू लागतात. इकडे निवेदिका कागद शोधतेय, ढोलकीवाला चहा शोधतोय, पडदा उघडायला दहा मिनिटं उरलीत, आणि अंधारातून आवाज येतो, “अरे, हा आठचा आहे की चारचा?”

स्पीकरचा रोध आठ ओहम की चार, ते कोणालाच माहीत नसतं. साउंडवाला पोरगा वायर गुंडाळता गुंडाळता म्हणतो, “काका, वाजतोय ना? मग झालं!” हे वाक्य काकांच्या रक्तदाबाला चांगलं नाही.

हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारे हे काका ठाण्यात भेटतात, पुण्यात भेटतात, गिरगावात तर भेटतातच. नोकरी बहुधा टेलिफोन खात्यात किंवा रेल्वेच्या सिग्नल विभागात झालेली. चष्मा नाकाच्या टोकावर. गिटारच्या पिशवीच्या पुढच्या कप्प्यात मल्टिमीटर, इन्सुलेशन टेप, स्क्रूड्रायव्हर आणि दोन पेन्सिल सेल. सेल घरच्या टीव्हीच्या रिमोटमधले. मालिकेच्या वेळेला काकूंचा फोन येतो, “अहो, सेल परत नेलेत ना?” काका “हो हो” म्हणतात आणि सेल स्पीकरच्या तारांना लावतात. प्लसला प्लस लावलं की बहुतेक स्पीकरचा कोन किंचित बाहेर येतो. एका डब्याचा बाहेर आणि शेजारच्याचा आत गेला, तर तारा उलट्या जोडल्यात. मग दोन्ही डबे जोरात वाजतात आणि खर्ज मात्र एकमेकांचा खाऊन टाकतात. काका तारा बदलतात आणि जगाला तुच्छतेने बघतात.

नवा मुलगा नवा हेड, म्हणजे ॲम्प, घेऊन येतो. “काका, पाचशे वॉट!” काकांचा पुढचा प्रश्न तोंडातून निघायच्या आधीच ऑर्केस्ट्रातल्या सगळ्यांना पाठ असतो: “किती ओहमवर?” मुलगा गोंधळतो. पाचशे हा आकडा चार ओहमचा असतो. आठ ओहमचा एकच डबा लावला तर तोच हेड तीनशेच्या आसपास देतो. “वॉट काय, कोणीही छापतो,” काका म्हणतात आणि पीएमपीओच्या, म्हणजे फुगवलेल्या वॉटच्या, जमान्यात शिरतात. तेव्हाच्या टू-इन-वनवर पुढच्या बाजूला हजाराच्या वर वॉट लिहिलेले असत आणि मागच्या बाजूला विजेचा खर्च वीस-पंचवीस वॉट. “भिंतीतून वीस घ्यायचे आणि हजार द्यायचे! असा माणूस अर्थमंत्रालयात पाहिजे.” हा विनोद ऑर्केस्ट्राच्या वयाचा आहे. आम्ही तरीही हसतो, कारण नाही हसलं तर ते आरएमएस समजावून सांगतात.

पॅरलल जोडणीवरचं त्यांचं प्रवचन मात्र ऐकण्यासारखं. “शिवाजी मंदिरला मध्यंतर झालं. एकच दार उघडलं तर गर्दी अडते. तसलंच दुसरं उघडलं की बटाटेवड्याकडे दुप्पट माणसं पळतात. आठ ओहमचे दोन डबे लावले की चार झाले. चारचे दोन लावले की दोन. आता वडेवाला किती जणांना पुरणार, ते त्याच्या हेडवर लिहिलेलं असतं.” हेडवर “किमान चार ओहम” लिहिलेलं असताना कोणी दोनचा लोड टाकला, की करंट दुप्पट मागितला जातो, हेड तापतो आणि नशीब असेल तर प्रोटेक्शनमध्ये जाऊन गप्प होतो. नशीब नसेल तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातात, आणि कधी जाता जाता डीसी करंट सोडून स्पीकरलाही बरोबर नेतात.

एकदा स्पीकर जातानाही पाहिला, पण वेगळ्या कारणाने. एका मोठ्या कार्यक्रमाला भाड्याने साउंड आला. हेड दमदार, दोन ओहमपर्यंत चालणारा, सहाशे वॉटचा. त्याला एक आठ ओहमचा चार दहा-इंचींचा डबा आणि एक चार ओहमचा, आत एकुलता एक पंधरा इंची. काकांनी पट्ट्या वाचल्या आणि हात जोडले. “अरे, हे समान वाटप नाही. चारवाला आठवाल्याच्या दुप्पट खातो. चौघांना मिळून दोनशे आणि या एकट्याला चारशे!” व्यवस्थापक म्हणाले, “काका, मोठा स्पीकर आहे, खाईल.” लावण्यांची मेडली सुरू झाली. दुसऱ्या लावणीपर्यंत पंधरा इंचीतून वार्निश जळल्याचा वास आला आणि तिसऱ्या लावणीत तो स्पीकर गेला. बेसचं असं आहे, की वाजतो तेव्हा कोणाला ऐकू येत नाही. गेला की पहिल्या रांगेतल्या आजोबांचा पायसुद्धा थांबतो. काकांनी “मी सांगितलं होतं” हे म्हटलं नाही. ते त्यांनी पुढची पाच वर्षं हप्त्याहप्त्याने म्हटलं.

वासावर त्यांचा फार विश्वास. “कॉइल शिजतेय,” असं ते डब्याच्या पोर्टला, म्हणजे हवेच्या भोकाला, नाक लावून सांगतात. तांबं शंभर अंशांनी तापलं की त्याचा रोध साधारण 40 टक्क्यांनी वाढतो, म्हणून तापलेला स्पीकर कमी वाजतो. वाजवणाऱ्याला वाटतं आवाज पडला, तो व्हॉल्यूम वाढवतो, कॉइल आणखी तापते. “मरणाऱ्याला कोणी पाणी देत नाही, सगळे व्हॉल्यूम देतात.”

काकांचा खरा शत्रू म्हणजे “छोटा ॲम्प लावला की स्पीकरला धोका नाही” असं म्हणणारा सज्जन. छोटा ॲम्प सभ्यपणे वाजवला तर बिचारा काहीच करत नाही. पण शंभर वॉटचा ॲम्प पिळून पिळून लाल दिवा सतत पेटता ठेवला, की लाटेची टोकं कापली जातात, तरंग चौकोनी होत जातो आणि तोच ॲम्प दोनशेच्या जवळ देऊ लागतो. कापलेल्या टोकांतून वरचे सूर जास्त निघतात आणि सगळ्यात आधी बळी जातो तो कोपऱ्यातला नाजूक ट्वीटर. म्हणून शो चालू असताना काकांचा एक डोळा गायिकेवर आणि एक लाल दिव्यावर. गायिकेला वाटतं काका आपल्यावर रागावलेत.

पाच तारांचा बेस घेऊन पोरं आली, तेव्हा काकांची झोप उडाली. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची तार 41 हर्ट्झवर. ही पाचवी 31 वर. “एक सप्तक खाली उतरलास तर तेवढ्याच आवाजासाठी कोनला चौपट हलावं लागतं. आणि तू वर बेसचं बटण पूर्ण फिरवलंस!” पोर्टवाल्या डब्यात तर ठरावीक सुराच्या खाली कोनला आतल्या हवेचा आधारच उरत नाही. आवाज येत नाही, नुसती फडफड. अशा वेळी पट्टीवरचे वॉट शाबूत असतात आणि स्पीकर फाटतो. काका बटण मागे फिरवतात. पोरगा, काकांची पाठ वळली की, पुढे.

आवाज कमी पडतोय म्हणून मोठा हेड घ्यायला निघालेल्याला ते जिन्यातच गाठतात. दुप्पट वॉट म्हणजे फक्त 3 डेसिबल. “त्यापेक्षा डब्याची सेन्सिटिव्हिटी बघ. एका वॉटला एका मीटरवर 96 आहे की 99? 99वाला घेतलास तर तोच हेड दुप्पट झाला.” पोराचे हजारो रुपये वाचले असते. पोरगा तरीही मोठा हेड घेतो, कारण त्याला निळा दिवा आहे.

व्हॉल्व्हच्या हेडचा विषय निघाला की काकांचा आवाज मऊ होतो. 1969 सालचा अँपेगचा एसव्हीटी: तीनशे वॉट, सगळे व्हॉल्व्ह, उचलायला दोन माणसं, रोलिंग स्टोन्सच्या अमेरिका दौऱ्यावर गेलेला. त्याला आठ दहा-इंचींचे दोन-दोन डबे लावत, कारण तेव्हाचे स्पीकर एका डब्यात एवढी ताकद झेलत नव्हते. “बघ, त्यांनीसुद्धा हिशेब केला होता!” आणि लगेच ताकीद: ट्रान्झिस्टरच्या हेडला डबा नसला तरी चालतं, शॉर्ट चालत नाही. व्हॉल्व्हचा हेड डब्याशिवाय वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. असा हेड आमच्या ऑर्केस्ट्रात कधीच आलेला नाही. ताकीद तरी तयार आहे.

गिटारची वायर स्पीकरला लावणारा मुलगा त्यांना रंगेहाथ सापडतो. दोन्हीची पिन सारखीच, पण आत एक केसाएवढी तार आणि भोवती जाळी. काका पिन उघडून दाखवतात, वायर जप्त करतात, पिशवीतून जाड दोनतारी वायर देतात. ती परत येत नाही. त्याचीही नोंद त्यांच्याकडे आहे.

मुलंही त्यांना पकडतात. मल्टिमीटर लावून एक जण ओरडतो, “काका, आठ लिहिलंय, मीटर सहा दाखवतोय!” काकांच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. कोणीतरी मोजलं! मग पाऊण तास, चहासकट: मीटर दाखवतो तो नुसत्या तारेचा डीसी रोध, आठ हा नाममात्र आकडा, आणि खरा रोध सुरागणिक बदलतो. मुलाची शेवटची लोकल जाते.

लग्नाला गेले तरी आधी डीजेच्या टेबलामागे, मग वधूवरांकडे. आहेर काकूंच्या हातात असतो. लॅमिंग्टन रोडला ते कॉइल बदलून घ्यायला जातात आणि दुकानदार त्यांना बघून स्टूल पुढे करतो, कारण हे गिऱ्हाईक उभ्याउभ्या जात नाही. स्वतःचा डबा मात्र वर्षानुवर्षं तोच, आतले स्पीकर मूळचे, एकही कॉइल न बदललेली.

वैताग आणतात हे खरं. पण ज्या कार्यक्रमात काहीच जळत नाही, त्याच्या मानधनात त्यांचा वेगळा वाटा कोणी धरत नाही. तुमच्या मंडळात, वाद्यवृंदात, सोसायटीच्या गणपतीत असा एखादा काका असेलच. त्याला पडद्यामागे दहा मिनिटं आणि एक चहा द्या. डब्यांच्या पट्ट्या वाचू द्या. आणि “बंद कर!” असं तो ओरडला, तर आधी हेड बंद करा. कारण नंतर विचारा, तो सांगेलच.