एक ते सहा, आणि वर एक ॲट

२००९ साली ‘रॉकयू’ या अमेरिकी कंपनीचे ३ कोटी २० लाखांच्या आसपास पासवर्ड चोरीला गेले. कंपनीने ते जसेच्या तसे, उघडेच साठवले होते. चोराला फोडाफोडीची तसदीही नको. त्यात पहिला नंबर कोणाचा? १२३४५६. ही अफलातून कल्पना लाखो लोकांना आपापली सुचली होती. एवढं एकमत सोसायटीच्या सभेत चहा मागवण्यावरही होत नाही.

शहाण्यांनी त्याआधीच उपाय काढला होता. २००३ साली अमेरिकेच्या ‘निस्ट’ संस्थेतले बिल बर यांनी सांगितलं: मोठं अक्षर, आकडा, चिन्ह घाला, अधूनमधून बदला. लोकांनी निमूटपणे ‘गणपती@१’ ठेवला, मुदत संपली की ‘गणपती@२’. पुढे बर यांनीच या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला आणि २०१७ साली निस्टनेही उगाच बदलायची सक्ती नको म्हटलं. आपल्या कचेऱ्यांतल्या आयटीवाल्यांना ही बातमी बहुधा पोचायची आहे.

बाकीचे लेकीचं नाव आणि जन्मसाल लावतात, आणि केकच्या फोटोसकट दोन्ही फेसबुकवर टाकतात. तोच पासवर्ड बँकेला, तोच कुठल्याशा कूपनच्या साइटला. कूपनवाला फुटला की चोर तीच ईमेल-पासवर्डची जोडी बँकेत लावून बघतो.

तेव्हा लांबलचक, चार असंबद्ध शब्दांचा पासवर्ड घ्या, प्रत्येक खात्याला वेगळा. लक्षात राहत नसतील तर पासवर्ड मॅनेजर वापरा. निदान ईमेल आणि बँकेला दुहेरी पडताळणी आजच लावा. आणि फोनवर ओटीपी मागणारा गोड आवाजाचा साहेब बँकेचा नसतो.