मंगळवारची हजेरी
संगणकावरील खेळांचा शौक असलेल्या माझ्या पुतण्याने अमेरिकेहून परतताना १,५९९ डॉलर मोजून ‘जीफोर्स आरटीएक्स ४०९०’ नामक ग्राफिक्स कार्ड आणले आणि त्याचे मूल्यमापन मीच करावे असा आग्रह धरला, तेव्हा त्यामागे माझ्या यंत्रज्ञानाविषयी आदर नसून, हिशेबतपासनीस म्हणून ३४ वर्षे परक्यांच्या खर्चात खोट काढून निवृत्त झालेला मी आता घरच्या दुधाच्या वहीवर उतरलो होतो, हे कारण असावे. (जकातीचा विषय मी मुद्दामच काढला नाही.)

‘कार्ड’ म्हणताच मी शिधापत्रिकेची कल्पना केली होती. खोक्यातून निघाले ते ३०४ मिलिमीटर लांब, सव्वादोन किलोंच्या आसपास वजनाचे आणि स्वभाराने वाकू नये म्हणून खालून टेकू मागणारे प्रकरण. पंचनाम्यात मी ‘पाटा, वरवंट्याविना, नग एक’ अशी नोंद केली. त्याची भूक ४५० वॅटची, म्हणजे छताच्या सहा पंख्यांची. आणि एवढे खाऊन अंगाची काहिली होते म्हणून पदरी आणखी दोन पंखे.

पडद्यावर सेकंदाला किती दृश्ये उमटतात त्या वेगाची सरासरी न पाहता सर्वांत संथ एक टक्का दृश्यांचा वेग पाहावा, हा अशी कार्डे पारखणाऱ्या मंडळींचा दंडक मात्र मला मनापासून पटला. तालुक्याच्या सरासरी पावसाखाली कोरडी गावे झाकलेली मी पुष्कळ पाहिली आहेत.

पुढे ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ चालू असता पुतण्याने एक कळ फिरवली आणि सेकंदाला सत्तरच्या घरात घुटमळणारा दृश्यांचा आकडा शंभरापार गेला. चौकशीअंती उघड झाले, ते असे की, कार्ड दोन दृश्ये रीतसर काढते, मधले तिसरे अनुमानाने रचून त्यांच्यात सरकवते, आणि तेवढ्यासाठी तयार असलेले पुढचे दृश्य दारात तिष्ठत ठेवते. सबब आकडा फुगला तरी बटण दाबल्याची दाद पडद्यावर लवकर न लागता किंचित उशिरानेच लागते. सोमवार-बुधवारच्या सह्या पाहून मंगळवारची हजेरी भरणाऱ्या एका कारकुनाची मी वेतनवाढ रोखली होती.

“पण काका, बघताना कळतं का?”

कारकुनाचा लेखी खुलासाही जवळजवळ हाच होता.

मग मी पडद्याची पाठ तपासली. तो सेकंदाला साठच दृश्ये दाखवणारा निघाला! पुतण्या ओशाळला नाही. नव्या पडद्याचा प्रस्ताव, किमतीसह, त्याच्या खिशात तयार होता. ‘मागील खर्चाचा खुलासा होईतो तहकूब’ असा शेरा मारून मी तो परत केला आणि दुधाची वही उघडली.