जुनं टायमिंग विसरा

पुन्हा धावायला लागलेल्या माणसाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे त्याचंच जुनं टायमिंग.

चार-पाच वर्षांपूर्वी दहा किलोमीटर तासाभरात व्हायचे. मध्ये नोकरी बदलली, बाळंतपण झालं, घरात आजारपण निघालं, गुडघ्याने त्रास दिला. आता बूट पुन्हा बाहेर निघालेत, पण डोक्यात तोच तास बसलाय. पहिल्याच सोमवारी माणूस त्या तासाच्या मागे लागतो. काही आठवड्यांत नडगी धरून घरी बसतो आणि जाहीर करून टाकतो, 'आता वय झालं.' वय बिचारं काही करत नाही. घाई नडते.

यामागचा हिशेब सरळ आहे. धावणं थांबलं की दोन-तीन आठवड्यांतच अंगातल्या रक्ताचं एकूण प्रमाण घटू लागतं. हृदय एका ठोक्याला आधीपेक्षा कमी रक्त ढकलतं आणि पूर्वीच्याच वेगाला धाप लागते. पुन्हा सुरुवात केली की हे नुकसान मात्र लवकर भरून येतं, महिना-दीड महिन्यात दम बराच सुधारतो. हाडांचं आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांचं तसं नाही. कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे त्या सावकाश तयार होतात. हाडालाही नव्या भाराची सवय व्हायला महिने जातात. घात होतो तो नेमका या मधल्या काळात. छाती म्हणते पळ, नडगी म्हणते थांब, आणि आपण छातीचं ऐकतो.

म्हणून पहिला महिना चालायची लाज बाळगू नका. दोन मिनिटं धावा, दोन मिनिटं चाला. असं वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. पिंढऱ्या भरून आल्या तर ते दुखणं दोन दिवसांत ओसरतं. पण नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवलं की कळ येत असेल, तर धावणं बंद करून डॉक्टरांना दाखवा. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर नवे बूट घेण्याआधी तपासणी करून घ्या. मनगटावरचं घड्याळ महिनाभर कपाटात राहिलं तरी चालेल.

वाट बघण्याचं फळ काय असतं, ते अविनाश साबळेने दाखवलंय. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. 2018 साली घोट्याच्या दुखापतीमुळे त्याची जकार्ताची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने 3000 मीटर स्टीपलचेसमधला गोपाळ सैनींचा 1981 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य, आणि हुकलेल्या आशियाई स्पर्धेचं सुवर्ण 2023 मध्ये हांगझोऊला. ज्याचं पोट धावण्यावर आहे, तो थांबू शकतो. हौसेने धावणाऱ्याला कसली घाई?

मग धावून मिळतं काय? मेडल तर अंतर पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पडतं. खरी मिळकत वेगळीच आहे, आणि ती बघायची तर सातारा हिल हाफ मॅरेथॉनच्या दिवशी यवतेश्वरच्या घाटात उभं राहावं. 2012 पासून ही स्पर्धा होते. चढ असा की भले भले चालायला लागतात. बँकेतले साहेब, शाळेतल्या बाई आणि भरतीची तयारी करणारं पोरगं एकाच वळणावर एकाच धापेत असतात. तिथे कुणी कुणाचा पगार विचारत नाही, आडनावही विचारत नाही. कमरेवर हात ठेवून थांबलेल्याला मागून येणारा अनोळखी माणूस म्हणतो, 'चला सर, त्या वळणापर्यंत जाऊ.' आणि दोघं जातात. एरवी ही माणसं एका टेबलावर चहासुद्धा घेणार नाहीत.

बायकांना तर धावण्याने याहून मोठी गोष्ट दिलीय. पहाटे पाचला एकट्या बाईने रस्त्यावर निघणं आपल्याकडे आजही सोपं नाही. चारजणींचा गट जमला की तीच बाई ओढणी कमरेला घट्ट बांधून, डबे करायच्या आधी तासभर बाहेर पडते. तो तास तिचा असतो. ना सासूचा, ना मुलांचा, ना ऑफिसचा. असा तास घरातून कुणी ताटात वाढून देत नाही. गटाच्या जोरावर तो तिने मिळवलेला असतो.

आणि कित्येकांसाठी धावणं म्हणजे भाकरी. पोलीस शिपाई भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावावं लागतं. मैदानी चाचणीच्या 50 पैकी 20 गुण या एका धावेला. या 20 गुणांसाठी खेड्यापाड्यातली पोरं-पोरी अंधारात डांबरी रस्त्याच्या कडेने, मागून येणाऱ्या ट्रकचे दिवे चुकवत पळतात. काहीजण त्यात जिवाला मुकलेत. गावात मैदान नसतं, आणि जिथे असतं तिथे पहाटे फाटकाला कुलूप असतं. लग्नाच्या मांडवाला, सभेला, प्रदर्शनाला ते मैदान मिळतं. धावणाऱ्या पोरांना मिळत नाही. नगरपालिकांनी आणि शाळांनी याची लाज बाळगली पाहिजे. पहाटे पाचला फाटक उघडायचं आणि दोन दिवे लावायचे, याला कुठली मोठी योजना लागत नाही.

स्पर्धेची नोंदणी, नवे बूट, पेसचे स्क्रीनशॉट, हे सगळं नंतर बघता येईल. उद्या सकाळी फक्त वीस मिनिटं बाहेर पडा आणि त्यातली निम्मी चाला. तुम्ही आधीपासून धावणारे असाल तर एक काम तुमच्याकडेही आहे. गटात कुणी नवं किंवा खूप दिवसांनी परतलेलं, अडखळत मागे पडलेलं दिसलं, तर त्या दिवशी आपला वेग सोडा आणि त्याच्याबरोबर चाला. पुढच्या रविवारी तो येणार की नाही, हे बऱ्याचदा तेवढ्यावरच ठरतं.